विश्लेषण : बोर्डिंगमधून काढून टाकलेल्या मुलानं बहुजनांसाठी वसतिगृहं कशी उभारली? कर्मवीर भाऊराव पाटील आणि मूठभर धान्याची गोष्ट

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील तालमी आणि तरुण मंडळं घरोघरी फिरून भाकरी गोळा करत होती आणि पूरग्रस्तांपर्यंत पोहोचवत होती. तरुणांनी दारोदारी जायचं, प्रत्येक घरानं झेपेल तेवढं द्यायचं आणि घेणाऱ्याची जात विचारायची नाही. ही पद्धत या भागाला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसानं तिच्या जोरावर राज्यातील एक मोठी शिक्षण संस्था उभी केली. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

कोल्हापूरशी नातं काय?

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज इथं जैन शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले, राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

तेव्हा राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनानं कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहत होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झालं. त्याच्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसावं, असा बोर्डिंगचा आग्रह होता. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. त्यानंतर त्यांना शाहू महाराजांच्या वाड्यावर आसरा मिळाला. मॅट्रिकचा टप्पा मात्र ते कधीच पार करू शकले नाहीत.

डांबर प्रकरणात काय घडलं?

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासण्यात आलं. संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. गंमत अशी की, त्यांना बोर्डिंगमधून काढणारे अधीक्षक लठ्ठेच होते. जुना हिशेब चुकता करायची आयती संधी समोर होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना तुरुंगवास आणि छळ सोसावा लागला. तो असह्य होऊन त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. हे सगळं कोल्हापूर संस्थानात घडलं. तरीही पुढे साताऱ्यातील वसतिगृहाला त्यांनी शाहू महाराजांचंच नाव दिलं. माणसाशी झालेला वाद आणि त्याचं काम यांची त्यांनी कधी गल्लत केली नाही.

नांगर विकता विकता शिक्षणाकडे कसे वळले?

पोटासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या. ओगले काच कारखान्याचे आणि नंतर किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून ते काम करू लागले. या फिरतीत त्यांनी खेडी जवळून पाहिली. गावात चौथीपुढं शाळा नाही, शहरात राहायला जागा नाही आणि फी भरायला पैसे नाहीत, ही अडचण घरोघरी सारखीच होती. म्हणजे शाळा काढून भागणार नव्हतं. आधी राहण्या-जेवण्याची सोय हवी होती.

दूधगावच्या सर्व जातींच्या वसतिगृहाच्या कामात त्यांचा आधीपासून सहभाग होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, कऱ्हाडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं.

मुष्टीफंड म्हणजे काय?

खेड्यात रोख पैसा कमी, पण धान्य असायचं. म्हणून घरातील बाईनं दळण काढताना मूठभर धान्य बाजूला ठेवायचं आणि ते गोळा करून वसतिगृहात आणायचं, अशी ही योजना होती. एका मुठीचा भार कोणत्याच घराला जाणवत नाही. पण शेकडो घरांच्या मुठी एकत्र आल्या की मुलांचं जेवण निघतं. शिवाय देणाऱ्या प्रत्येक घराला ही संस्था आपली वाटू लागते. श्रीमंत देणगीदारावरचं अवलंबनही कमी होतं.

वसतिगृहातील मुलंही नुसती घेणारी नव्हती. स्वयंपाक, पाणी, झाडलोट ही कामं पाळीनं होत. शेतात आणि बांधकामावर मुलं स्वतः राबत. महार, मांग, मराठा, जैन, मुस्लीम अशी सगळी मुलं एकाच पंगतीत जेवत. त्या काळात ही मोठी गोष्ट होती आणि तिला विरोधही झाला.

घरानं काय सोसलं?

या कामाची सर्वात मोठी किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. सोवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या लक्ष्मीबाई सर्व जातींच्या मुलांना आपल्या हातानं जेवू घालू लागल्या. धान्य संपलं तेव्हा दागिने विकले गेले, अखेर मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्यांचं निधन झालं. आज संस्थेच्या यशाबद्दल बोलताना हा वाटा अनेकदा एका ओळीत उरकला जातो.

पुढे काम किती वाढलं?

१९३२ च्या पुणे करारानंतर त्यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढलं. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडवणारं सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं आणि गावोगावी व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं. तिथं श्रम करून शिकण्याची सोय होती. ‘कमवा आणि शिका’ ही आज ओळखीची झालेली योजना ती हीच. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही ती राबवली जाते. १९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

आजच्या स्वयंसेवकांसाठी यात काय आहे?

आज शिबिरात सहभागी झालेल्या तरुणाला प्रमाणपत्र आणि गुण मिळतात. त्यात वावगं काही नाही. पण भाऊरावांच्या पद्धतीत तीन गोष्टी वेगळ्या होत्या. मदत घेणारा मुलगाच काम करणाराही होता. ज्या घरांसाठी काम चाललं होतं, ती घरंही मूठभर का होईना, वाटा उचलत होती. आणि कोण कोणाशेजारी बसून जेवणार, हे जातीवरून ठरत नव्हतं. पूर ओसरल्यावर मदतीच्या गाड्या थांबतात. वर्षभर रोज एक मूठ बाजूला ठेवणारी घरं असली, तर काम थांबत नाही.