अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

सकाळी लेकरू अंगणवाडीत सोडलं की आई-बाप बिनघोर कामावर जातात. पण अंगणवाडी सुरू कुणी केली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ती सुरू केली ताराबाई मोडक यांनी.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, माहेरच्या त्या केळकर. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. ती मानाची नोकरी सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. लहान मुलांना मारून-घाबरवून नाही, खेळातून शिकवायचं, हे काम दोघांनी मिळून केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केलं.

शहरातलं शिक्षण खेड्यात न्यायचं म्हणून १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. तिथं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी पाड्यावरची पोरं बालवाडीत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर नेली, थेट घरासमोरच्या अंगणात. तीच अंगणवाडी. महागडी खेळणी नव्हती, तर बिया, शिंपले, पानं यावर भागवलं. पोरांना आंघोळ घालणं, नखं काढणं हेही शिक्षिकाच करायच्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं.

लहान पोरं सांभाळणं हे कुणालाही जमणारं काम नाही, त्याला शिकलेली बाई लागते, हे ताराबाईंनी ओळखलं होतं. म्हणून शाळेबरोबर त्यांनी शिक्षिकांच्या प्रशिक्षणावरही भर दिला.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

नाव पोचलं, पण कामाचा मान मागेच राहिला. अंगणवाडीताईला आजही पगार नाही, मानधन मिळतं. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचं मानधन ४,५०० आणि मदतनीसाचं २,२५० रुपये केलं. त्यात राज्य आपली भर घालतं. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाला हातभार, मोबाईलवरची नोंद, सगळं तिच्याच माथी.

ताराबाईंची आठवण ठेवायची तर हार-फुलं पुरेशी नाहीत. आपल्या गावच्या ताईला कामाचा पुरता दाम आणि म्हातारपणाला आधार मिळाला पाहिजे.