डॉक्टर जोसेफ ओड्वायर

घटसर्पाने मूल गेले असे घर आमच्या मंडळ्यांतील वृद्धांस ठाऊक असेल. ह्या रोगात घशात करड्या रंगाचा चिवट पडदा धरतो, आणि तो खाली स्वरयंत्रात उतरला म्हणजे श्वासाची वाट बुजते. मूल शुद्धीवर असते, आईकडे पाहत असते आणि गुदमरत असते. अशा लेकरांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या डॉक्टर ओड्वायर यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचा जन्म १८४१ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथे झाला. बालपण कॅनडात गेले व वैद्यकीचे शिक्षण न्यूयॉर्क शहरी झाले. तेथे पटकीच्या साथीत रोग्यांची सेवा करीत असता त्यांसही ती जडली, परंतु देवाच्या दयेने ते वाचले. १८७२ साली टाकून दिलेल्या अर्भकांच्या आश्रमात त्यांची नेमणूक झाली. हा आश्रम रोमन कॅथलिक भगिनी चालवीत, आणि डॉक्टरही त्याच पंथाचे होते. पंथभेद आहे तो आहे. परंतु उपकार मानताना आम्ही तो मध्ये आणीत नाही.

आश्रमात घटसर्प शिरला की एकामागून एक मुले जात. गळ्यास बाहेरून छेद करून श्वासनळी उघडणे हा एकच उपाय होता, आणि त्याने तेथे फारसे कोणी वाचत नसे. ह्या पोरक्या मुलांसाठी रडावयास आईबापही नव्हते. १८८० च्या सुमारास डॉक्टरांनी निश्चय केला की, गळा न कापता तोंडावाटेच स्वरयंत्रात नळी बसवावयाची. पॅरिस येथे बूशू नामक वैद्याने १८५८ साली तसा यत्न केला होता, पण तेथील विद्वानांनी तो उडवून लावला होता.

ओड्वायर यांनी मृत बालकांच्या गळ्यांची मापे घेतली, नळ्या घडविल्या, मोडल्या, पुन्हा घडविल्या. पहिल्या नळीस दोन पाती होती. त्यांच्या फटीत सुजलेली त्वचा शिरे. मग त्यांनी बंद नळी केली. ती आत घसरू नये म्हणून वर रुंद डोके, खोकल्याने उडू नये म्हणून मध्ये फुगवटा, आणि वयाप्रमाणे निरनिराळी लांबी. डाव्या हाताचे बोट मुलाच्या घशात घालून, केवळ स्पर्शाने वाट शोधून, काही क्षणांत नळी बसवावी लागे. चुकल्यास ओढून घेता यावी म्हणून तीस रेशमी दोरा असे. प्रारंभी अपयशच फार आले. १८८५ साली त्यांनी आपली रीत छापून प्रसिद्ध केली, आणि पुढे ती देशोदेशी पसरली.

आम्हांस त्यांची थोरवी अधिक दिसते ती पुढच्या गोष्टीत. जर्मनीत बेरिंग यांनी १८९० साली घटसर्पाच्या विषावर उतारा शोधला. तो न्यूयॉर्कला आला तेव्हा, आपल्या नळीचे काम त्याने कमी होणार हे उघड असताही, ओड्वायर यांनी त्याचा पुरस्कार केला. १८९८ च्या जानेवारीत, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते प्रभूकडे गेले.

आज आपल्या सरकारी आरोग्यकेंद्रात बाळास ६, १० व १४ आठवड्यांचे असता घटसर्पाची लस मिळते. तीत खंड पडला तर रोग आजही गाठतो. न्युमोनियाने दमलेले किंवा दिवस भरण्यापूर्वी जन्मलेले बाळ मोठ्या इस्पितळात श्वासयंत्रावर ठेवितात तेव्हा त्याच्या श्वासनळीत मऊ, बारीक नळी घालतात. तीही तोंडावाटे किंवा नाकावाटेच जाते. गळा कापावा लागत नाही.