क्लॅरेन्स डीमार

अमेरिकेंत बॉस्टन शहरीं दर वर्षीं सुमारें २६ मैलांची शर्यत होते. ती सात वेळां जिंकणारे क्लॅरेन्स डीमार हे छापखान्यांत काम करून पोट भरणारे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८८८ त ओहायो प्रांतीं झाला. वडील लवकर वारले, आणि आईनें त्यांस बॉस्टनच्या बंदरांतील एका बेटावरच्या शाळेंत ठेविलें.

१९११ सालीं शर्यतीच्या आरंभीं डॉक्टरांनीं त्यांची छाती तपासली, व हृदयांत दोष आहे, ही शेवटचीच शर्यत समजावी, अशी ताकीद दिली. त्या दिवशीं तेच पहिले आले! तरी पुढें बरींच वर्षें ते ह्या शर्यतीपासून बहुधा दूरच राहिले. १९२२ त परत आले, आणि पुन्हां जिंकले.

सरावास निराळा वेळ कोठला? ते कामावर धांवत जात व धांवतच घरीं येत. १९२४ त पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांचा तिसरा क्रमांक आला.

पुढें कीन येथील अध्यापक-विद्यालयांत ते शिकवूं लागले, व तेथील मुलांस धांवण्यांत तयार करूं लागले. १९२९ त विवाह झाला. चाळिशी उलटलेल्या, नव्या संसारी पुरुषानें आतां धांवणें सोडावें, असें कोणासही वाटलें असतें. परंतु १९३० त त्यांनीं सातवा जय मिळविला. आमच्या मतें पहिल्या सहांहून हाच मोठा.

पांच मुलें झालीं, शेतीचें काम आलें. क्रमांक मागें पडत गेला, पण धांवणें सुटलें नाहीं. बॉस्टनची शेवटची शर्यत ते १९५४ त, पासष्टाव्या वर्षीं धांवले. १९५८ त कर्करोगानें ते वारले. मग डॉक्टरांनीं तें हृदय तपासलें, तों त्याच्या रक्तवाहिन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद आढळल्या.