कारखाना नसताना विमानविद्या शिकलेले डॉ. घाटगे

बारावीचे निकाल लागले, की वैमानिकी अभियांत्रिकीची चौकशी करणारे पालक हमखास एक प्रश्न विचारतात : शिकून झाल्यावर काम कुठे मिळणार? डॉ. विष्णू माधव घाटगे १९३६मध्ये जर्मनीत डॉक्टरेट झाले, तेव्हा या प्रश्नाला भारतात उत्तरच नव्हते. विमाने बांधणारा एकही कारखाना देशात नव्हता.

घाटगे यांचा जन्म १९०८चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचा. गटिंगन येथे त्यांना गुरू लाभले ते लुडविग प्रांटल, आधुनिक वायुगतिकीचे जनकच. पंखाला बिलगून वाहणारा हवेचा पातळ थर विमानाला होणाऱ्या अवरोधात निर्णायक ठरतो, हे प्रांटल यांनी १९०४मध्येच मांडले होते. एवढी विद्या घेऊन आलेल्या तरुणाला कर्मभूमी मिळाली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यामुळे. डिसेंबर १९४०मध्ये त्यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली.

तेथे घाटगे यांनी ग्लायडरचा आराखडा केला. पण युद्ध भारताच्या दाराशी आले आणि कारखाना मित्रराष्ट्रांची विमाने दुरुस्त करण्यात गुंतला. अशा वेळी नव्या आराखड्यांना कोण विचारतो? मात्र १९४२मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी विभाग सुरू झाला आणि तेथे ते शिकवू लागले. कारखान्याला पुढे लागणारी माणसे घडविण्याचे हे काम होते.

स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली 'एचटी-२' हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आकाराला आले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी जमशेद मुन्शी यांनी ते प्रथम उडविले. इंजिन परदेशी, पण आराखडा आणि बांधणी पूर्णपणे येथली! हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्यावरच गिरविले. पाठोपाठ फ्लाइंग क्लबांसाठी 'पुष्पक' आणि लष्करासाठी 'कृषक' आले.

जेट प्रशिक्षण विमान 'किरण'ची कथा मात्र वेगळी. १९५९च्या अखेरीस काम हाती आले. पण जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या 'मरुत' या लढाऊ विमानाला अग्रक्रम होता. साहजिकच 'किरण'ची गती मंदावली आणि पहिले उड्डाण व्हायला ४ सप्टेंबर १९६४ उजाडला. पुढच्याच वर्षी घाटगे यांना पद्मश्री मिळाली.

१९९१मध्ये त्यांचे निधन झाले. हवाई दलाचे 'सूर्यकिरण' हे कसरत पथक १९९६मध्ये स्थापन झाले, तेव्हा त्याने निवडलेली विमाने 'किरण'च होती.