पीटर लॉरी : गुप्तहेराच्या चष्म्यामागचा निर्वासित

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयच्या कथा ज्यांनी अधाशासारख्या वाचल्या आहेत, त्यांना ‘मिस्टर मोटोज लास्ट वॉर्निंग’ हा १९३९ सालचा इंग्रजी चित्रपट नक्की आवडेल. स्थळ इजिप्तमधील पोर्ट सैद बंदर. सुएझ कालव्याच्या तोंडाशी सुरुंग पेरून फ्रेंच आरमार उडवायचे, आळ ब्रिटनवर घालायचा आणि दोन मित्रराष्ट्रांत युद्ध पेटवायचे, असा हेरांचा डाव असतो. तो उधळून लावतो मोटो हा जपानी गुप्तहेर. ठेंगणा, गोल चष्म्याचा, अतिशय नम्र आणि तितकाच धूर्त!

ही भूमिका करणारा पीटर लॉरी मात्र जपानी नव्हता. तो होता युरोपातून परागंदा झालेला ज्यू.

त्याचे मूळ नाव लास्लो लोवेनस्टाईन. जन्म २६ जून १९०४ रोजी तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात, आजच्या स्लोव्हाकियातील एका गावी झाला. घरची भाषा जर्मन. आई तो लहान असतानाच गेली. पुढे कुटुंब व्हिएन्नाला आले. मुलाने बँकेत चिकटावे अशी वडिलांची इच्छा होती. तो चिकटलाही, पण मन रमेना. नोकरी सुटली आणि नाटक सुरू झाले. उपाशीपोटी दिवस काढत तो बर्लिनला पोहोचला. तिथे नाटककार ब्रेख्तने त्याच्यातला नट हेरला.

१९३१ साली फ्रिट्झ लँग यांच्या ‘एम’ या चित्रपटात त्याने लहान मुलांच्या खुन्याची भूमिका केली. त्या खुन्याची किळस येते आणि शेवटी कीवही येते. या एका भूमिकेने तो जगाला माहीत झाला. पण दोनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि लॉरीला जर्मनी सोडावी लागली. पॅरिस, मग लंडन. इंग्रजी धड येत नव्हते. तरी हिचकॉक यांच्या १९३४ च्या चित्रपटातले बरेचसे संवाद त्याने केवळ उच्चार पाठ करून म्हटले! त्यानंतर त्याने अमेरिका गाठली.

१९३७ ते १९३९ या काळात मोटोचे आठ चित्रपट निघाले. पडद्यावर मोटो धिप्पाड गुंडांना लोळवत असे, पण हाणामारी त्याच्या जागी दुसराच माणूस करायचा. लॉरीची प्रकृती मुळात नाजूक. जुन्या दुखण्यावर घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागले, ते सुटता सुटेना. त्याच त्याच भूमिकेचाही त्याला कंटाळा आला होता. आरमार उडवण्याच्या कटाचा तो चित्रपट आला, त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपात खरोखरच युद्ध पेटले.

इकडे बर्लिनमध्ये वेगळेच घडले. १९४० साली नाझींनी ज्यूंविरुद्ध एक प्रचारपट काढला आणि त्यात ‘एम’मधला लॉरीच्या अभिनयाचा तुकडा घातला. ज्या कामासाठी जर्मनीने त्याला डोक्यावर घेतले होते, तेच ज्यूंच्या बदनामीसाठी वापरले गेले. अमेरिकेत मात्र ‘द माल्टीज फाल्कन’ आणि ‘कॅसाब्लांका’ने त्याचे नाव पक्के केले.

युद्धानंतर तो आपल्या भाषेत परतला. १९५१ साली जर्मनीत त्याने एक चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. नाझी राजवटीत खुनी बनलेल्या एका डॉक्टरची ती गोष्ट. लोकांना त्या आठवणी नको होत्या. चित्रपट चालला नाही. लॉरी अमेरिकेला परतला, पुन्हा कधी दिग्दर्शनाकडे वळला नाही आणि मिळतील त्या भूमिका करत राहिला. २३ मार्च १९६४ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, तो लॉस एंजेलिस येथे वारला.

आपले पूर्वजही मुलूख सोडून इकडे आले. पण आपली भाषा घरात टिकली आणि या मंडपात ती ऐकायला माणसे आहेत. लॉरी आपल्या भाषेत बोलायला परत गेला, तेव्हा ऐकणारे कोणी उरले नव्हते. मोटोचा चित्रपट पाहाल, तेव्हा त्या चष्म्याआडचे डोळे जरा निरखून पाहा.