कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : अल्प भांडवलाचे यंत्रकार

उंब्रजजवळ तारळी कृष्णेस मिळते, आणि तेथून खालीं कऱ्हाडवरून सांगलीकडे नदीच्या दोन्ही तीरांनीं उंसाचे व भुईमुगाचे मळे पसरले आहेत. शेतांत वीज येण्यापूर्वीं या मळ्यांतून पाणी उपसणाऱ्या तेलाच्या इंजिनांचा ठक्‌ठक् आवाज पहांटेपासून ऐकूं येई. आपल्या घरच्या वडील माणसांस तो चांगला आठवत असेल. त्यांतील पुष्कळ इंजिनांवर किर्लोस्कर हें नांव असे. हें नांव ज्यांच्यामुळें यंत्रांवर चढलें, त्या लक्ष्मणरावांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. परंतु मुलाचें मन पुस्तकी अभ्यासांत रमेना. चित्रें काढणें आणि यंत्र दिसेल तेथें तें न्याहाळीत उभें राहणें, हे त्याचे दोन छंद. १८८५ सालीं वडिलांच्या इच्छेविरुद्ध, पण वडील बंधु रामुअण्णा यांच्या पाठबळावर, ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. दोन वर्षांनीं असें आढळून आलें कीं, त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं. चित्रकार होऊं इच्छिणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? लक्ष्मणराव मात्र हताश होऊन घरीं परतले नाहींत. रंग गेले तरी रेषा उरली होती. त्यांनीं यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या हस्तगत केली आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ते तोच विषय शिकवूं लागले. फावला वेळ ते तेथील कर्मशाळेंत घालवीत. यंत्र खोलावें, त्याचा एकेक भाग हातांत घेऊन पाहावा, पुन्हा जोडावें, असा त्यांचा क्रम असे.

त्याच सुमारास मुंबईंत त्यांनीं सायकल पाहिली. ती गाडी त्यांच्या मनांत भरली. पुढें मुंबईहून सायकली घेऊन त्या बेळगांवीं रामुअण्णांकडे पाठवाव्या, रामुअण्णांनीं त्या विकाव्या आणि दुरुस्तही कराव्या, असा व्यवहार सुरू झाला. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ सालचा मानतात, तो या दुकानापासून. ज्या रस्त्यावर ही खटपट चाले, तो बेळगांवांत किर्लोस्कर रोड याच नांवानें ओळखला जातो.

सायकलीच्या दुकानास कोणी हलकें समजूं नये. अमेरिकेंत राइट बंधूंचाही धंदा सायकलींचाच होता, आणि १९०३ सालच्या त्यांच्या विमानाचें सुमारें १२ अश्वशक्तीचें इंजिन त्यांचे कारागीर चार्ल्स टेलर यांनीं त्याच दुकानांत, एक लेथ व एक भोंकें पाडण्याचें यंत्र एवढ्या सामग्रीवर, सुमारें सहा आठवड्यांत बनविलें. त्याच देशांत हेन्री फोर्ड यांनीं १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्रीं आपलें पहिलें इंजिन घरच्या मोरीवर बसवून चालविलें. त्याचें नळकांडें टाकाऊ गॅसच्या नळीचें व गतिचक्र जुन्या लेथचें होतें. फोर्डबाई हातानें थेंब थेंब पेट्रोल सोडीत होत्या. आरंभीं पैसा यांपैकीं कोणाजवळही फारसा नव्हता.

इन्स्टिट्यूटमध्यें बढतीची वेळ आली तेव्हां लक्ष्मणरावांस डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला व ते बेळगांवीं आले. तेथें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें, मग लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम झाला, पण घेणारा कोण? लोखंड लागलें कीं जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा दृढ समज होता. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं. या दोन वर्षांत त्या लहानशा कारखान्याची काय अवस्था झाली असेल, हें व्यापारी घरांतील पालकांस वेगळें सांगणें नको.

तोंच दुसरें संकट आलें. गांवाच्या वाढीसाठीं जागा हवी म्हणून बेळगांवच्या म्युनिसिपालिटीनें त्यांस कारखान्याची जागा सोडावयास लावली. अशा समयीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस आपल्या संस्थानांत बोलाविलें, कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर माळ दिला व १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० च्या मार्च महिन्यांत लक्ष्मणराव २५ कामगार व त्यांचीं कुटुंबें घेऊन तेथें आले. निवडुंग तोडावा, साप मारावे, मग घराची मेढ रोवावी, असा तो संसार होता. हाताखालचीं माणसें म्हणाल तर परीक्षेंत नापास झालेले शंभुराव जांभेकर त्यांचे यंत्रज्ञ झाले, आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक कारागीर ठरले. गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगलेल्या माणसांस त्यांनीं रखवालीचें काम विश्वासानें सोंपविलें. वस्तींत अस्पृश्यता पाळावयाची नाहीं, असा त्यांचा नियम होता. माझ्या मतें नांगराहूनही हें काम अवघड होतें.

महायुद्धाच्या काळांत, १९१४ नंतर, परदेशी नांगर येईनासे झाले व किर्लोस्कर नांगराची मागणी वाढली. मात्र कच्चा माल मिळणें दुर्घट झालें. त्यांतून तरून १९२० सालीं किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. उंसाचे चरक, भुईमूग फोडण्याचीं यंत्रें, पाण्याचे पंप असें एकामागून एक काम वाढत गेलें.

आतां इंजिनाकडे वळूं. इंजिनाच्या बिडाच्या नळकांड्यांत दट्ट्या वरखालीं फिरतो. तो खालीं उतरतांना बाहेरची हवा आंत ओढली जाते. वर चढतांना ती दाबली जाऊन इतकी तापते कीं, तींत तेलाचा फवारा पडतांच पेट घेतो आणि दट्ट्या जोरानें खालीं लोटला जातो. पुढच्या खेपेस धूर बाहेर पडतो. ही युक्ति जर्मन यंत्रज्ञ रुडॉल्फ डीझेल यांनीं १८९७ सालीं यशस्वी करून दाखविली. यंत्रानें हवा कोंबली तर तेवढ्याच इंजिनांतून अधिक शक्ति निघते, आणि शर्यतीच्या कित्येक मोटारींत तसें करतात. परंतु त्या जोडणीनें खर्च वाढतो, उष्णता वाढते, झीजही वाढते. ज्यास थोडक्या पैशांत इंजिन करावयाचें आहे, त्यानें इंजिनास आपला श्वास आपणच घेऊं द्यावा, हवेची वाट मोकळी ठेवावी, आणि वांचलेला पैसा नळकांडें अचूक कातण्यांत व दट्ट्याच्या कड्या नीट बसविण्यांत घालावा. बैठक ओबडधोबड असली तरी चालेल. नळकांड्यांत केसाएवढाही बांक चालत नाहीं. शेतावरचीं लहान इंजिनें याच जातीचीं असत. बिघाड झाला तर तालुक्याच्या गांवचा मिस्तरी तीं खोलूं शके.

बीड ओतणें आणि कातणें, या दोन कलांवर इंजिन उभें राहतें. आणि या कला किर्लोस्करवाडीस नांगराच्या व पंपाच्या कामांत पैदा झाल्या होत्या. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत शिकून १९२६ सालीं परत आले होते. १९४१ पासून हरिहर येथें लेथ होऊं लागले, आणि १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. इंजिनाचा हा उद्योग शंतनुरावांनीं उभारला. पण त्याचा पाया नांगराच्या ओतशाळेंत घातला गेला होता, असें म्हणणें वावगें होणार नाहीं.

१९४८ च्या आरंभीं महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यांत आली. लक्ष्मणरावांचें वय तेव्हां ७८ वर्षांचें होतें. कारखाना पुन्हा उभा राहिला, तो त्यांनीं डोळ्यांनीं पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं ते निवर्तले. जन्मशताब्दीच्या दिवशीं, २० जून १९६९ रोजीं, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

मसूरहून अगर कऱ्हाडहून मिरजेच्या गाडींत बसलें म्हणजे वाटेंत तें स्थानक लागतें. तेथें आतां कुंडल रोड नव्हे, किर्लोस्करवाडी अशी पाटी आहे.