पाचारण आणि गरम पाण्याचा नळ

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव ऐकताच आपणांस त्यांच्या हातातील दिवा आठवतो. आज क्षणभर तो दिवा बाजूला ठेवू या.

12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका धनाढ्य इंग्रज घराण्यात त्यांचा जन्म झाला. वयाच्या सतराव्या वर्षी देवाने आपणांस सेवेसाठी पाचारण केले आहे, अशी त्यांची खात्री झाली. परंतु घरच्यांच्या विरोधामुळे मध्ये बरीच वर्षे गेली. 1851 साली त्या जर्मनीतील कायझर्सवर्थ येथे शिकल्या व 1853 साली लंडनमधील हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहानशा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या.

तेथे त्यांनी काय मागितले, ठाऊक आहे? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, जेवण वर आणणारी लिफ्ट, आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली हे परिचारिकेला तिच्याच मजल्यावर दिसेल अशी सोय! परिचारिकेची शक्ती रुग्णाच्या उशाशी खर्च व्हावी, जिन्यावर नव्हे, असा त्यांचा आग्रह होता.

1854 साली 38 स्त्रियांना घेऊन त्या स्कुटारीला गेल्या. तो इतिहास आपणांस शाळेपासून पाठ आहे. त्यानंतर कृतज्ञ जनतेने जमविलेल्या निधीतून 1860 साली सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची प्रशिक्षणशाळा उघडली. शिकणाऱ्या प्रत्येकीस स्वतंत्र खोली, जेवण, गणवेश, कपड्यांची धुलाई आणि वर्षाला 10 पौंड मिळत. पाचारण खरे असेल तर पगार नि निवास कशाला, असे म्हणणारे आपल्या मंडळ्यांतही भेटतात. पाचारणाविषयी फ्लॉरेन्सबाईंइतके गंभीर कोण होते? तरीही खोलीचे दार आणि पगाराचा आकडा त्यांनी स्वतः ठरवून घेतला.

इतके करूनही दुःख टळले नाही. त्यांची आवडती शिष्या ॲग्नेस जोन्स 1865 साली लिव्हरपूलच्या वर्कहाउसच्या रुग्णालयात गेली. हजाराहून अधिक रुग्ण आणि हाताशी प्रशिक्षित परिचारिका बाराच. 1868 साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ती टायफस तापाने मरण पावली.

परिचारिकांच्या सरकारी नोंदणीस फ्लॉरेन्सबाईंनी पुढे विरोध केला. तेथे त्या चुकल्या असे मला वाटते.

आजारपणामुळे त्या स्वतः बहुतेक घरातच असत. तरी 1872 पासून त्या शाळेतील परिचारिकांना पत्ररूपाने वेळोवेळी उपदेश करीत. दूरच्या रुग्णालयांत एकाकी पडलेल्या अधीक्षिकांना त्या पत्रे लिहीत, लंडनला आल्या की चहाला बोलावीत. आणि एका वेळी एकीलाच भेटत, म्हणजे तिला मन मोकळे करता येई. 13 ऑगस्ट 1910 रोजी त्यांना देवाज्ञा झाली.